थोरली सिस्टीम

वर्षाराणीनं जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दोन भागांत वाटायला घेतली. एका भागात पहिलीच ऑपरेटिंग सिस्टीम राहणार होती, दुसऱ्यात तिला शिकायची होती ती नवी बसणार होती. वाटणी म्हटल्याबरोबर तिचे वडील किशनराव खुर्ची ओढून शेजारी बसले. अहमदपूर तालुक्यातल्या कुठल्याही वाटणीत ते असेच न बोलावता बसायचे.

"ह्यात थोरली कोन?"

"पहिली हाय ती, आबा."

"मंग मधी बांध रुंद ठिव. आन् हद्दीला दगड रोव."

"आबा, हे काय रान हाय का? इथं कुणी कुणाच्या हद्दीत शिरत न्हाई."

"थोरल्यांचा लई भरवसा धरू न्हाई, पोरी."

ती हसली. बरोबर निम्मं निम्मं करून तिनं नवी सिस्टीम बसवली. पंधरा दिवस दोन्ही गुण्यागोविंदानं चालल्या.

मग एका सकाळी पहिल्या सिस्टीमनं आपलं आपणच अपडेट करून घेतलं. त्यानंतर 'दोन्हीतली कोणती उघडू' असं विचारणारी पाटीच स्क्रीनवर येईना. थेट पहिलीच उघडायची. वर्षाराणीनं कपाळावर हात मारला.

किशनरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "कोरला ना बांध थोरलीनं?"

"पण आबा, तुम्हाला कॉम्प्युटर चालू करता येत न्हाई. हे आधीच कसं कळलं?"

किशनरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या रानामधला बांध आता वीतभर उरला होता.

"मीबी थोरलाच हाय की," ते हळूच म्हणाले.