सोबत आलेली

"मुलांचेच डोळे का?" मुलांच्या नेत्रविभागातल्या जागेच्या मुलाखतीत विभागप्रमुख मॅडमनी थोरलीला विचारलं.

उत्तर घरूनच तयार होऊन आलं होतं. धाकटीचा एक डोळा लहानपणी तिरळा होता, तिच्या मायेपोटीच आमची थोरली हा विषय घेतेय, असं वडील आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. थोरली ते ऐकून दात आवळत होती. रात्रंदिवस अभ्यास हिने करायचा आणि कौतुक पुन्हा धाकटीचंच.

पहिल्यापासून हेच चालत आलं होतं. रोज सकाळी आई धाकटीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे तिरळ्या डोळ्याला कामाला लागावं लागे. तिने रडू नये म्हणून पट्टीवर कधी मासा काढायची, कधी फुलपाखरू. थोरली आपली वेणी आपणच घालून दारात ताटकळत उभी. डॉक्टरांकडे जाताना धाकटी आईच्या कडेवर, थोरली मागून पिशवी घेऊन. आत धाकटीला रंगीत चित्रं दाखवायचे, शाबासकी द्यायचे. बाहेर थोरलीचा जळफळाट व्हायचा. देवा, माझाही डोळा वाकडा कर, असं तिने मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं होतं.

एकदा तिने धाकटीची पट्टी चोरून आपल्या उजव्या डोळ्यावर लावली आणि मला सगळं धूसर दिसतंय, असं आईला सांगितलं. आई हसायलाच लागली.

"तिचं बघून तुझंही सुरू झालं का? तुझे डोळे सरळ आहेत, बाई."

हा विनोद घरात पुढे वर्षभर पुरला. थोरलीलाही वाटलं, आपलं मनच काळं, म्हणून आपल्याला असं दिसलं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मुलाखतीत थोरलीने ते घरचं उत्तर टाळलं आणि मुलं आवडतात, एवढंच सांगितलं. मॅडमनी एक खास चष्मा आणि चित्रांचं पुस्तक पुढे सरकवलं. ही तपासणी त्या प्रत्येक उमेदवाराची करत. जवळ-लांबचा नेमका अंदाज नसेल, तर त्या हाताला डोळ्याचं ऑपरेशन जमत नाही. यातलं कुठलं चित्र कागदावरून वर उठून आलेलं दिसतं, असं त्यांनी विचारलं.

"सगळी सपाट आहेत, मॅडम."

मॅडमनी तिचा उजवा डोळा झाकला. आता तिला भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात मोठं अक्षरही वाचता येईना. डावा डोळा दिसायला अगदी सरळ होता. पण त्याचा नंबर जन्मापासूनच जास्त असावा, आणि मेंदूने कधीच त्याचा नाद सोडला होता. लहान वयात चष्मा आणि पट्टी मिळाली असती, तर तो वाचला असता.

"तुला ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षी कळलं. डोळे तपासायला शिकताना आम्ही मैत्रिणी एकमेकींचे तपासत होतो."

तुला ऑपरेशन करता येणार नाही, हे मॅडमनी स्पष्टच सांगितलं. तपासता येईल, एवढंच ती म्हणाली.  मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, "लहानपणी तुला कोणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच नाही?"

"दर महिन्याला जायचे, मॅडम. सोबतीला."

मॅडमनी तिला घेतलं. पहिल्याच दिवशी एक आई तिरळ्या डोळ्याच्या मुलीला घेऊन आत आली; तिचं दुसरं मूल बाहेरच थांबलं. थोरलीने मुलीला तपासलं, हसवलं, पट्टी कशी लावायची ते आईला समजावून दिलं. आई आभार मानून उठायला लागली, तेव्हा थोरलीने तिला हातानेच थांबवलं.

"बसा जरा. सोबत आलंय, त्या लेकरालाही आत बोलवा."