शुद्ध बोलणं

थळच्या कोळीवाड्यातला हिराजी मास्तर व्हायला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेला. तिथे पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा सगळा वर्ग हसला. “हीच भाषा मुलांना शिकवणार का?” गुरुजींनी विचारलं. मग कितीतरी महिने तो कुणाशी फारसा बोललाच नाही. पहाटे नदीकाठी जाऊन एकटाच मोठमोठ्याने वाचत बसायचा. हळूहळू जीभ वळली आणि हसणं थांबलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो गावाकडच्या रेवस बंदरात बोटीतून उतरला, तेव्हा एकच ओढ होती, आईशी पोटभर बोलायचं. घरी पोचताच त्याने तिला कॉलेजातलं सगळं, अगदी वर्ग हसल्याचंसुद्धा, नव्या शुद्ध भाषेत सांगितलं. आई नुसती ऐकत राहिली. तिने बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली.

“आई, तू बोलत का नाहीस?”

“काय बोलू? माजा बोलना सगला चुकीचा.”

हिराजीचा घास हातातच राहिला. “नाही गं आई, तुझं काहीसुद्धा चुकत नाही. तू बोल ना माझ्याशी!”

आई जरा मागे सरकून बसली. मग हळूच म्हणाली, “तुमी जेवा.”