आतल्या खिशावरचा पक्षी

"माझा फोटो नको," नवी म्हणाली आणि खुर्ची उचलून खिडकीपासून लांब नेऊन ठेवली.

"अगं, फोटोशिवाय वस्तू खपत नाही," मॅडम म्हणाल्या. "पिशवीबरोबर शिवणारीचा चेहरा दिसला की गिऱ्हाईकाला बरं वाटतं. मग ते आपल्या शाळेबद्दलही वाचतात."

मॅडम कर्णबधिर मुलांच्या शाळेचं ऑनलाइन दुकान सांभाळायच्या. शाळेमागच्या शिवणखोलीत पाच-सहा बायका पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायच्या. ते दुकानातून गावोगाव जायचे आणि त्या पैशातून मुलांना कानाची मशिनं मिळायची.

"नको म्हणजे नकोच," नवी म्हणाली.

समोर बसलेल्या मोठ्या बाईंच्या पोटात दुखायला लागलं. या खोलीतलं पहिलं मशीन त्यांचं. बाकीच्यांना सुई धरायला शिकवलं ते त्यांनी. दुकान सुरू झालं तेव्हा पहिल्या पानावर त्यांचे अभ्रे होते, आणि आता तिथे कालपरवा आलेल्या, सगळ्या नुसतं 'नवी' म्हणायच्या त्या पोरीची पिशवी होती. त्या पिशवीत असं होतं तरी काय? कापड तेच, धागा तोच. फक्त आतल्या खिशावर ती एक इवलासा पक्षी भरायची, मान वळवून मागे बघणारा. लोक त्या पक्ष्यावर लट्टू होते.

"माझा लावा फोटो," मोठ्या बाई फणकाऱ्याने म्हणाल्या. "हिला चेहरा दाखवायचा नसेल तर ठेवू दे झाकून. सोन्याचा आहे ना."

बायका हसल्या. मॅडम चुळबुळल्या.

"लावा ना, मॅडम," नवी लगेच म्हणाली. "मोठ्या बाईंचाच लावा. नावही त्यांचंच घाला. मला चालेल."

ती अगदी मनापासून म्हणाली आणि तेच मोठ्या बाईंना जास्त लागलं. भांडून मिळवलं असतं तर मजा होती. हिने तर नको असलेलं पुढे सरकवलं. तरी फोटोच्या आधी त्यांनी केस नीट केले.

फोटो लागला आणि पिशव्या भराभर संपायला लागल्या. कौतुकाचे निरोप यायचे, ते मॅडम सगळ्यांना वाचून दाखवायच्या. कुणी लिहायचं, बाई, तुमच्या हातात जादू आहे. कुणी लिहायचं, अशी शाळा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. मोठ्या बाई मान डोलवायच्या आणि आतून जळायच्या. अभ्र्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. एकदा घरी त्यांनी स्वतः पक्षी भरून पाहिला. "छान झालंय," सून म्हणाली. "बदक ना?" त्या दिवशी सुनेशी अबोला धरला गेला.

"आपण कधी जाणार नाही अशा ठिकाणी आपली पिशवी जाते आणि शाळेचं नाव सांगते," मॅडम म्हणायच्या. त्यावर बायकांना भरून यायचं. नवी मात्र पाठ वळवून शिवत राहायची. दुपारी सगळ्या अंगणापलीकडे झाडाखाली जेवायला बसायच्या, तेव्हाही ही आपली आतच. किती तो भाव खायचा, असं मोठ्या बाईंना वाटायचं.

एका दुपारी एक माणूस आला. मॅडम मुलांना घेऊन कानाच्या तपासणीला गेल्या होत्या. बाकीच्या बायका झाडाखाली जेवत होत्या, मोठ्या बाई एकट्याच व्हरांड्यात पार्सलं बांधत होत्या. माणसाचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि हातात फुलं होती. त्याने फुलं टेबलावर ठेवली आणि शेजारी शाळेचीच एक पिशवी काढून ठेवली.

"फोटोतल्या तुम्हीच ना? पार्सलवर पत्ता होता. म्हटलं, समक्ष भेटावं. हा पक्षी तुम्ही भरता?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. माझ्याशिवाय इथे कुणाला जमत नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्याने पिशवीतल्या पक्ष्यावरून बोट फिरवलं.

"मी शिवणकामाचा कारखाना काढतोय," तो म्हणाला. "हा पक्षी भरणाऱ्या बाईंना तिथे मुख्य नेमायचं होतं. राहायला घर दिलं असतं. तुमच्या शाळेतल्या मुलांनाही दरवर्षी कानाची मशिनं दिली असती." मग जरा थांबून म्हणाला, "पण दुकानात मी तुमच्या नावाचे अभ्रेही पाहिले. काय सरळ टाका आहे, एकही हललेला नाही. तो हात मला वेगळा वाटतो, बाई. दोन्ही हात गुणाचे, पण वेगळे."

मोठ्या बाईंच्या अभ्र्यांचं नाव काढणारा हा पहिलाच माणूस. इतके दिवस मनात घट्ट बसलेला पीळ एकदम सैल झाला आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. एकटी पोर, तिला ना घर ना माणूस. एका फोटोपायी आपण तिच्या तोंडचा घास काढून घेतोय.

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "हा हात आमच्या नवीचा. फार गुणी पोरगी आहे."

"कुठे असते ती?"

"ही काय, आतच आहे. जेवायलाही उठत नाही कामावरून. जा तुम्ही, तुमच्याच तोंडून कळू दे तिला."

त्याने वाकून नमस्कार केला आणि तो आत गेला. मोठ्या बाईंना अगदी हलकं वाटलं. नवीचं भलं होतंय आणि आपल्याला त्याचा आनंद होतोय, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. त्या फुलांसाठी भांडं शोधू लागल्या. आतलं मशीन थांबलं.

"सापडलीस," त्याचा आवाज आला, अगदी हळू, जवळजवळ लाडाचा. "नवऱ्यापासून किती दिवस लपणार होतीस?" आणि खोलीची कडी आतून लागली.