सोडलेला टोमॅटो

ऑपरेशनसाठी दवाखान्यात जाताना शेजारच्या हेंक आजोबांनी टोमॅटोची रोपं वासंतीच्या हवाली केली. "माझ्या बायकोने, आन्येने जपलेल्या बियांची आहेत. ती गेली, एवढंच मागे राहिलं. मेच्या मध्यापर्यंत खिडकीतच ठेव. तोवर आमच्या या थंड देशात रात्री दव गोठतं."

वासंतीने मान डोलावली खरी, पण अक्षय्य तृतीयेला लावलेलं वाया जात नाही, हे तिच्या मनात लहानपणापासून बसलेलं. एप्रिलातलं ऊनही कसं छान पडलं होतं. सणाच्या सकाळी तिने हळदकुंकू वाहून रोपं आजोबांच्या वाफ्यात लावली. दोन दिवसांनी पहाटे दव गोठलं आणि सगळी रोपं काळी पडली. तिने गुपचूप बाजारातली रोपं आणून त्या जागी लावली, आणि देवापुढे बसून टोमॅटो सोडला.

ऑगस्टमध्ये आजोबा काठी टेकत तिच्या दारात आले. हातातल्या भांड्यात लालबुंद टोमॅटो होते.

"घे, तुझ्याच हातचे आहेत."

"मी टोमॅटो खात नाही, आजोबा. व्रत आहे," ती खाली बघत म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"जन्मभर."

आजोबांनी भांड्यातला एक टोमॅटो उचलून हातात फिरवला.

"एवढं नको गं करूस," ते म्हणाले. "आन्येचे पिवळे असायचे. अर्धं बी मी मागे ठेवलंय. पुढच्या वर्षी दोघं मिळून लावू, थंडी सरल्यावर."