पंगतीची बाजू

अंबूबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. कारण शनिवारी दुपारपर्यंत सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये अंबूबाईंनी काहीही खाल्लेलं नव्हतं. गुरुवारपासूनच नव्हतं. भूक लागते ही गोष्टच त्या विसरल्या होत्या. ताट पुढं आलं की कौतुकानं बघायच्या आणि म्हणायच्या, "छान हाय. कुणाचं?" डॉक्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. मग नाकातून नळी.

नातीनं, शिवांजलीनं, गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी घासाचं विमान केलं. अंबूबाईंनी विमानाला हात करून निरोप दिला.

म्हणून आकाराम सकाळच्या एसटीनं कुंडलला गेले आणि दुपारी पत्र्याची ट्रंक घेऊन परतले. आकाराम म्हणजे अंबूबाईंचे यजमान. कुंडलच्या लग्नांत चाळीस वर्षं त्यांचा लाउडस्पीकरचा कर्णा वाजला. ट्रंकेत रेकॉर्ड प्लेयर होता आणि एक छोटी इंग्रजी तबकडी. मेव्हणा नाथाजी पलटणीतून सुट्टीवर येताना ती घेऊन आला होता. पुढच्या बाजूच्या गाण्यावर वरातीत लोक इतके नाचले, की आता त्या बाजूवर सुई नुसती घसरायची. मागच्या बाजूवर मात्र कुणी हलेना. म्हणून आकाराम ती पंगतीला लावायचे. गाणं लागलं की पंगत बसायची. परत लागलं की उठायची आणि दुसरी बसायची.

"ट्रंक कशाला आणलीत आबा? मोबाईलवर असेल की," म्हणत शिवांजली शोधायला लागली. पुढच्या बाजूचं सापडलं. एकोणीस कोटी लोकांनी ऐकलेलं. मागच्या बाजूचं जगात कुणी नेटवर चढवलंच नव्हतं.

"कशाला चढवत्यात? त्यास्नी कुठं जेवाय घालायचं हुतं," आकाराम म्हणाले आणि त्यांनी सुई टेकवली.

खरखर झाली. गिटार वाजली. लहानपणापासून ऐकलेल्या या गाण्याचे शब्द शिवांजलीला आज पहिल्यांदा कळले. एक मुलगा स्टेशनवर उभा होता, त्याची प्रेयसी दुसऱ्याशी लग्न करायला निघाली होती आणि आता जगायचं कशाला, असं तो विचारत होता. या प्रश्नावर कुंडलनं चाळीस वर्षं लग्नाची बुंदी खाल्ली होती.

अंबूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. खुर्चीवरून उतरून फरशीवर मांडी घातली.

"पंगत बसली की गं. मला ताट न्हाई व्हय?"

शिवांजली धावली. भाकरी आली, आमटी आली. अंबूबाईंनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. "बयाबाई, जरा सर की तिकडं," असं शेजारच्या रिकाम्या फरशीला सांगितलं. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. आकारामांनी तोंड फिरवलं आणि ते ट्रंकेचं झाकण पुसत बसले. झाकण स्वच्छ होतं.

गाणं संपत आलं तेव्हा अर्धी भाकरी उरली होती. शिवांजलीनं हळूच सुई उचलून पुन्हा गाण्याच्या मध्यावर ठेवली.

अंबूबाईंचा हात थांबला. "आवं, सुई अडकली. बघा की जरा."

शिवांजलीनं वेगाचा खटका खाली ओढला. गाण्यातला मुलगा म्हशीच्या आवाजात जगायचं कशाला विचारू लागला.

"आता बॅटरी उतरली," अंबूबाई म्हणाल्या. स्पीकरवाल्याच्या बायकोला फसवणं सोपं नव्हतं.

गाणं संपलं. हात ताटातच राहिला. शिवांजलीनं खटका वर केला आणि सुई सुरुवातीला नेली.

"आगं, नगं!" आकाराम ओरडले. पण गिटार वाजली होती.

अंबूबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. "उठा गं बायांनो, दुसरी पंगत खोळंबलीया." आणि बेसिनवर जाऊन त्यांनी हात धुतले.

"आबा, अर्ध्या भाकरीवर नळी टळेल?"

"न्हाई टळायची. आन् पंगतीतनं उठल्यालं माणूस दुसऱ्या पंगतीला बसत न्हाई." आकाराम तबकडीचं पाकीट निरखू लागले. पाकिटावर चार केसाळ पोरांचा फोटो होता आणि खाली लंडनचा पत्ता. "वही आण. मी सांगतो, तू इंग्रजीत कर."

"ही माणसं असतील का हो अजून?"

"नसली तर वारस असत्याल. लिही."

आकारामांनी आयुष्यात लिहिले ते फक्त फौजदाराकडे कर्णा लावायच्या परवानगीचे अर्ज. दुसरी लिखापढी त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.

"मेहेरबान गायक साहेब, मुक्काम लंडन, यांचे सेवेशी. विषय, गाणे वाढवून मिळणेबाबत. अर्जदार आकाराम, राहणार कुंडल, तालुका पलूस, सध्या मुक्काम सांगली, विनंती अर्ज करतो की, आपल्या तबकडीच्या मागील बाजूचे गाणे दोन मिनिटे अडतीस सेकंदांचे आहे. सदर मुदतीत अर्जदाराच्या पत्नीची अर्धीच भाकरी होते. तरी मेहेरबान साहेबांनी सर्व बाबींचा सहानुभूतीने विचार करून सदरचे गाणे उरलेल्या अर्ध्या भाकरीपुरते वाढवून द्यावे, आणि ते सोमवारच्या आत द्यावे, ही नम्र विनंती."