दोन बोटं

तळेगावच्या बाजारात फकीरचाचांनी घोडीसाठी म्होरकी निवडायला अर्धा तास लावला. दुकानदारानं पुढं केलेली नायलॉनची पट्टी त्यांनी बाजूला सारली. "गाल सोलून काढंल ही," असं म्हणून मऊ सुताची घेतली.

घरी येऊन त्यांनी ती चांदणीच्या तोंडावर चढवली. गाल आणि दोरीच्या मधे दोन बोटं शिरली, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

"रोज अशी दोन बोटं घालून बघायची," ते सत्यजीतला म्हणाले. तो केडगावहून टेम्पो घेऊन चांदणीला न्यायला आला होता. "आन् मोकळी सोडली की म्होरकी काढायची. कुठं अडकली तर मान मोडंल."

"व्हय चाचा. पर नवी कशाला आणली? जुनी चालली असती की."

"जनावर इकलं तरी त्याची म्होरकी घरातच ठेवायची असती. बरकत ऱ्हाती."

टेम्पो चांदणीला घेऊन गेला. संध्याकाळी चाऱ्याच्या वेळेला चाचा छपरात गेले. खुंटीवरच्या जुन्या म्होरकीत सवयीनं दोन बोटं घातली.

 

हात कोपरापर्यंत आत गेला.