सिव्हर्ट कुणाचा

टोरुनने हात पुढे केले आणि सिव्हर्टने बोर्गहिल्डच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली.

"बघा, ओळखतोय की आईला!" बोर्गहिल्ड म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या व्हिग्दिसला ऐकू जावं, म्हणून मुद्दाम मोठ्याने.

व्हिग्दिस बालकल्याण कचेरीची. सिव्हर्ट दोन महिन्यांचा असताना त्याचा हात मोडला, तेव्हा तिनेच त्याला बोर्गहिल्डच्या घरी सांभाळायला ठेवलं होतं. हातातून निसटला, असं टोरुनने तेव्हा सांगितलं होतं. आता तो वर्षाचा होत आला होता. आई त्याला आपली वाटते का, एवढंच आज बघायचं होतं. वाटत असेल, तर तो घरी जाणार होता.

घरी सगळी तयारी होती. रोआल्डने, त्याच्या बापाने, मुलाची खोली स्वतः रंगवली होती. आत्ताही तो बाहेर बाकावर बसून कचेरीतल्या बायकांना घरून आणलेला केक वाटत होता आणि त्यांना हसवत होता.

टोरुनने बाळाच्या केसांत नाक खुपसलं. जूनचं ऊन खोलीत भरलं होतं, तरी तिच्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या होत्या. बाळाला घेऊन ती खिडकीशी गेली. खाली धक्क्याला मासेमारीच्या बोटी लागल्या होत्या.

"ती बघ बोट," ती हळूच म्हणाली.

आणि सिव्हर्ट किंचाळला.

मागच्या भेटींतही असंच झालं होतं.

"दात येतायत त्याला," बोर्गहिल्ड घाईने म्हणाली. "मलासुद्धा छळतो लबाड. जरा हलव त्याला पोरी, गाणंबिणं म्हण."

टोरुनने गाणं म्हटलं नाही. सिव्हर्ट अंग पिळवटत बोर्गहिल्डकडे हात पसरत होता. तिने घेतल्यावर त्याने तिच्या मानेत तोंड लपवलं. दोन हुंदके, की गप्प. टोरुन जरा पुढे सरकली, तसा पुन्हा ओरडला.

"आणखी एकदा घेऊन बघतेस?" व्हिग्दिसने विचारलं.

"नको. त्याला मी नकोय. तसंच लिहा."

"तुझ्यावर राग नाही गं त्याचा. या वयात रडल्यावर जो धावून येतो ना, मूल त्याचं होतं."

टोरुन बोर्गहिल्डकडे वळली. "तुम्ही जाता धावून?"

"दूध उतू गेलं तरी चालेल, आधी हा."

"मग ठेवून घ्या."

बोर्गहिल्डला तिचा संतापच आला. काय बाई ही! डोळ्यांत टिपूस नाही.

व्हिग्दिसने उसासा टाकला. "मग हा बोर्गहिल्डकडेच राहील टोरुन. मोठा होईपर्यंत. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

बाहेर आल्यावर रोआल्डने सगळं ऐकून घेतलं. व्हिग्दिसशी हात मिळवला, टोरुनच्या खांद्यावर हात टाकला. "सावरेल ती. मी आहे ना," तो म्हणाला. किती समजूतदार नवरा, असं व्हिग्दिसच्या मनात आलं.

गाडीत बसल्यावर त्याने काच वर केली.

"पोटचं पोर दोन मिनिटं मांडीवर टिकत नाही तुझ्या. माझी अब्रू घालवलीस."

टोरुनने पट्टा लावला.

"किंचाळतो म्हणे! माझ्या हातात दिला असता ना, आठवड्यात गप्प केला असता. तेव्हा केला होता तसा." त्याने गाडी सुरू केली. "घरी चल, मग तुझ्याकडे बघतो."

टोरुनने मान हलवली. घरी काय होणार ते तिला ठाऊक होतं, आणि आज त्याची भीती वाटत नव्हती. सिव्हर्टच्या मांडीला चिमटा काढायची वेळ आता तिच्यावर पुन्हा येणार नव्हती.